अर्धवेळ नोकरी आणि आजारपणाचे पैसे : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

अर्धवेळ नोकरी करणाऱ्याला आजारपणात ईएसआयकडून (कर्मचारी राज्य विमा योजनेकडून) पैसे मिळतात का, या विषयावरची पत्रं या वेळी एकत्र घेतली आहेत. आधी एक खुलासा. १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा आता सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये सामावला गेला आहे आणि ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. खालच्या उत्तरांतले दिवसांचे आणि टक्केवारीचे आकडे ईएसआयच्या चालत आलेल्या नियमांतले आहेत.

प्रश्न : कापडाच्या दुकानात मी रोज चार तास, आठवड्यातून सहा दिवस काम करते. महिन्याला ९,००० रुपये ठरलेला पगार आहे आणि त्यातून ईएसआय कापली जाते. कावीळ झाल्यामुळे तीन आठवडे घरी होते. दुकानाचे हिशेबनीस म्हणतात, "तुमचे अर्धे दिवस. दोन मिळून एक धरतो, म्हणून तुमचे ७८ भरत नाहीत. पैसे मिळणार नाहीत." हे खरं आहे का?

उत्तर : नाही. कपातीच्या सहामाहीत, म्हणजे ‘अंशदान काळात’ (एप्रिल ते सप्टेंबर किंवा ऑक्टोबर ते मार्च), ७८ दिवसांच्या पगाराची अट आहे हे बरोबर, पण दिवस मोजण्याची त्यांची पद्धत चुकीची आहे. ईएसआय तास मोजत नाही. ज्या दिवसाचा पगार द्यायचा, तो एक दिवस, मग त्या दिवशी काम चार तास झालेलं असो की आठ तास. अर्धवेळ कामगारांसाठी वेगळी, जास्त कडक अशी कुठलीच पायरी नियमांत नाही.

चूक कुठे होते ते समजून घ्या, म्हणजे हिशेबनिसांशी बोलणं सोपं जाईल. मालक दर महिन्याला ईएसआयच्या पोर्टलवर अंशदानाची (ईएसआयसाठी भरायच्या रकमेची) फाइल चढवतो. त्यात प्रत्येक कामगाराचा विमा क्रमांक, नाव, पगार दिलेल्या दिवसांची संख्या आणि महिन्याचा एकूण पगार एवढे रकाने भरायचे असतात. हजेरीचं सॉफ्टवेअर आठ तासांच्या हिशेबानं बसवलेलं असेल तर चार तासांची नोंद ०.५ अशी पडते. महिन्याची बेरीज १३ येते आणि तोच आकडा कुणी न बघता फाइलमध्ये जातो. खरं तर त्या रकान्यात पूर्णांकच चालतो आणि अपूर्णांक आलाच तर वरच्या पूर्णांकात न्यायचा, अशी सूचना आहे.

आता तुमचा हिशेब. सहा महिन्यांत २६ आठवडे, आठवड्याला सहा दिवस, म्हणजे कामाचेच १५६ दिवस. तुमचा पगार महिन्याचा ठरलेला असल्यानं साप्ताहिक सुट्टीचे दिवसही पगारातच धरले जातात. एप्रिल ते सप्टेंबरमध्ये एकही बिनपगारी खाडा नसेल तर १८३ दिवस लागायला हवेत. हिशेबनिसांच्या पद्धतीनं १५६ चे ७८ होतात आणि चार खाडे पडले की ७६. म्हणजे अट सहज दुपटीनं पूर्ण करणारी बाई कागदावर दोन दिवसांनी नापास होते.

उमंग ॲपवर किंवा ईएसआयच्या विमाधारकांच्या पोर्टलवर तुमच्या क्रमांकावर दर महिन्याला किती दिवस आणि किती पगार दाखवला आहे ते दिसतं. आकडे चुकीचे असतील तर मालकाकडे लेखी दुरुस्ती मागा. हजेरीपत्रकाची प्रत, पगाराच्या पावत्या आणि पगार जमा झाल्याच्या बँकेच्या नोंदी घेऊन त्या अर्जाची एक प्रत ईएसआयच्या शाखा कार्यालयातही द्या आणि पोच घ्या. नियमातला शब्दप्रयोग तुमच्या बाजूचा आहे. अंशदान ‘देय’ असलेले दिवस ७८ हवेत, ‘भरलेले’ नव्हे. मालकानं कमी भरलं किंवा भरलंच नाही, तर ते त्याच्याकडून वसूल करणं हे ईएसआय महामंडळाचं काम आहे. तुमचा हक्क त्यामुळे बुडत नाही. मात्र तुम्ही खरोखर कामावर होता आणि पगार घेत होता हे सिद्ध करणारा कागद तुमच्याकडे हवा. रोख पगार घेणाऱ्यांची अडचण इथेच होते.

प्रश्न : वितरकाच्या ऑफिसात मी सोमवार, बुधवार, शुक्रवार असे तीनच दिवस जातो. रोजचे ५०० रुपये, आलं त्या दिवसाचे. मी पात्र ठरेन का?

उत्तर : काठावर. रोजंदारीत साप्ताहिक सुट्टीचे पैसे मिळत नसतील तर ते दिवस धरता येत नाहीत, त्यामुळे तुमच्या हिशेबात फक्त हेच तीन वार उरतात. १ एप्रिल ते ३० सप्टेंबर २०२६ या काळात हे वार मोजले तर ७९ येतात. १ ऑक्टोबर २०२६ ते ३१ मार्च २०२७ मध्ये बरोबर ७८. म्हणजे पहिल्या सहामाहीत एक खाडा चालेल, दुसरीत एकही नाही.

आणि सुट्ट्यांकडे नीट बघा. १ मे आणि २ ऑक्टोबर २०२६ हे दोन्ही दिवस शुक्रवारी येतात. ऑफिस बंद ठेवून त्या दिवसाचा रोज कापला तर दुसऱ्या सहामाहीत तुमचे ७७ होतील आणि पूर्ण सहा महिन्यांचा हक्क एका दिवसासाठी जाईल. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या भरपगारी सुट्ट्या आहेत. तुमच्या आस्थापनेला तो कायदा लागू असेल तर त्या दिवसाचा पगार मागा आणि तो दिवस फाइलमध्ये धरला गेला का ते बघा. भरपगारी रजेचा दिवसही असाच धरला जातो. पाचशे रुपयांपेक्षा त्या एका दिवसाच्या नोंदीची किंमत जास्त आहे.

आठवड्यातून दोनच दिवस येणाऱ्यांचे सहा महिन्यांत ५२ च्या आसपास दिवस होतात. त्यांना आजारपणाचा भत्ता मिळत नाही. पण त्यांची ईएसआय वाया जाते असं समजू नका. दवाखान्याचे उपचार पहिल्या दिवसापासून मिळतात, कामावर अपघात झाला तर अपंगत्वाच्या लाभाला किमान दिवसांची अटच नाही, आणि प्रसूती लाभासाठी मागच्या दोन अंशदान काळांत मिळून ७० दिवस पुरतात. आठवड्याला दोन दिवस काम करणारी स्त्री १०४ दिवसांसह तिथे आरामात बसते.

प्रश्न : मी १० जून २०२५ ला कामाला लागले. जानेवारी २०२६ मध्ये टायफॉइड झाला. सहा महिने ईएसआय कापली गेली होती, तरी शाखा कार्यालयानं ‘लाभकाळ सुरू झालेला नाही’ म्हणून अर्ज परत पाठवला. असं कसं?

उत्तर : शाखा कार्यालय बरोबर आहे. ईएसआयमध्ये कपातीचे सहा महिने आणि त्यांच्या जोरावर लाभ मिळण्याचे सहा महिने (लाभकाळ) वेगळे असतात आणि मधे तीन महिन्यांचं अंतर असतं. एप्रिल ते सप्टेंबरच्या अंशदानावर पुढच्या जानेवारी ते जूनमधल्या आजारपणाचा हक्क मिळतो. ऑक्टोबर ते मार्चच्या अंशदानावर त्याच वर्षीच्या जुलै ते डिसेंबरमधल्या आजारपणाचा.

आयुष्यात पहिल्यांदाच ईएसआयखाली आलेल्या माणसाचा पहिला लाभकाळ नोकरीला लागल्यापासून नऊ महिने पूर्ण झाल्यावर सुरू होतो. तुमच्या बाबतीत ती तारीख १० मार्च २०२६. तिथून ३० जूनपर्यंत तुमचा पहिला लाभकाळ.

तुमची पहिली सहामाही अपुरी आहे, म्हणून ७८ ची अटही तिथे तशी लागत नाही. पहिला अंशदान काळ १५६ दिवसांपेक्षा कमी असेल तर त्यात कामासाठी उपलब्ध असलेल्या दिवसांच्या निम्मे दिवस पुरतात. १० जून ते ३० सप्टेंबर हे ११३ दिवस, म्हणजे ५७ दिवसांचा पगार झाला असेल तर तुम्ही निश्चिंत. जानेवारीतल्या टायफॉइडसाठी रोख भत्ता मिळणार नाही, पण औषधोपचार ईएसआय दवाखान्यातून मिळायला हवे होते. ते कुणी नाकारले असतील तर ती मात्र तक्रारीची बाब आहे.

आधी दुसऱ्या मालकाकडे ईएसआय असेल तर हा नऊ महिन्यांचा नियम पुन्हा लागत नाही. म्हणूनच नव्या नोकरीत ‘आधीचा विमा क्रमांक आहे का’ या प्रश्नाला ‘नाही’ म्हणू नका. नवा क्रमांक निघाला की जुने सगळे दिवस तुटतात.

प्रश्न : पैसे नेमके किती मिळतात? आमचे मालक वर्षाला सात दिवस भरपगारी आजारी रजा देतात. ती घेऊन वर ईएसआयचेही मागता येतील का?

उत्तर : सरासरी दैनिक पगाराच्या ७० टक्के. सरासरी काढताना त्या लाभकाळाशी जोडलेल्या अंशदान काळातला एकूण पगार घ्यायचा आणि पगाराच्या दिवसांनी भागायचं. पहिल्या पत्रातल्या वाचकाचंच उदाहरण घेऊ. सहा महिन्यांचे ५४,००० भागिले १८३, म्हणजे दिवसाला सुमारे २९५ रुपये. त्याचे ७० टक्के २०६ रुपये ५६ पैसे. आजारपणाचे पहिले दोन दिवस ईएसआय देत नाही, त्यामुळे प्रमाणपत्र २१ दिवसांचं असेल तर १९ दिवसांचे साधारण ३,९२५ रुपये होतात. (हिशेबनिसांनी दिवस निम्मे दाखवले की सरासरी ६९२ रुपये निघते. चार तासांच्या कामाला हा दर बघून शाखा कार्यालय खुलासा मागतं आणि मामला आणखी लांबतो.)

मागचा भत्ता संपल्यावर पंधरा दिवसांच्या आत पुन्हा आजारी पडलात तर ते दोन दिवस पुन्हा कापले जात नाहीत. एकूण मर्यादा लागोपाठच्या दोन लाभकाळांत मिळून ९१ दिवसांची आहे.

एकाच दिवसाचा पगारही आणि भत्ताही, असं चालत नाही. दाव्याच्या अर्जात तुम्ही त्या दिवसांचा पगार घेतलेला नाही असं लिहून देता. मालकही तसा दाखला देतो. म्हणून आमचा सल्ला असा : चार दिवसांपर्यंतच्या तापासाठी मालकाची रजा वापरा, कारण ईएसआयकडून त्यात जेमतेम दोन दिवसांचे ७० टक्के हाती लागतात. दुखणं लांबणार हे दिसत असेल तर पहिले दोन दिवस रजा टाका आणि तिसऱ्यापासून ईएसआय घ्या. प्रमाणपत्र मात्र पहिल्या दिवसापासूनचं असलं पाहिजे. त्यासाठी दवाखान्यात पहिल्याच दिवशी जावं लागतं आणि बहुतेक जण नेमके तिथेच चुकतात.

लांबलेल्या आजारपणाचा आणखी एक परिणाम पुढे जाणवतो. भत्त्यावर काढलेले दिवस पगाराचे नसतात, त्यामुळे चालू सहामाहीतले तुमचे दिवस कमी होतात. पूर्णवेळ माणसाला दीड महिना गेला तरी ७८ भरतात. आठवड्यातून तीन दिवस येणाऱ्याचा एक आठवडा जरी गेला, तरी पुढच्या लाभकाळाचा हक्क हुकतो.

प्रश्न : खासगी डॉक्टरांचं प्रमाणपत्र शाखा कार्यालयानं घेतलं नाही. डॉक्टर एमडी आहेत!

उत्तर : पदवीचा प्रश्न नाही. ईएसआयला प्रमाणपत्र आपल्या दवाखान्यातल्या विमा वैद्यकीय अधिकाऱ्याचं किंवा तुमच्या नावापुढे नोंदलेल्या पॅनेल डॉक्टरांचं लागतं. पहिलं प्रमाणपत्र, उपचार चालू असेपर्यंत मधली प्रमाणपत्रं आणि कामावर जाण्यायोग्य झाल्याचं शेवटचं, अशी ती साखळी असते.

अचानक खासगी रुग्णालयात दाखल व्हावं लागलं किंवा गावी असताना आजारी पडलात, तर डिस्चार्ज कार्ड, तपासण्यांचे अहवाल आणि बिलं पर्यायी पुरावा म्हणून देता येतात. शाखा कार्यालय ते वैद्यकीय रेफरीकडे (ईएसआयच्या तपासणी करणाऱ्या डॉक्टरांकडे) पाठवून ठरवतं. ते मान्य होईलच असा हक्क नाही, म्हणून शक्य होताच घरच्या कुणाला तरी दवाखान्यात पाठवून कळवून ठेवा. आणि भत्ता चालू असताना दवाखान्याला न सांगता बाहेरगावी जाऊ नका. तपासणीला बोलावलं आणि तुम्ही सापडला नाहीत तर भत्ता थांबतो.

प्रश्न : सकाळी एका ठिकाणी, संध्याकाळी दुसरीकडे काम करतो. दोन्हीकडे ईएसआय लागू आहे. एकीकडून आजारी रजा घेऊन दुसरीकडचं हलकं काम चालू ठेवलं तर?

उत्तर : भत्ता जाईल, आणि खोटी माहिती दिल्याबद्दल कारवाईही होऊ शकते. प्रमाणपत्र ‘कामास असमर्थ’ असं असतं, ‘सकाळच्या कामास असमर्थ’ असं नसतं. दोन्ही मालकांना एकच विमा क्रमांक द्या आणि आजारपणात दोन्हीकडे रजा टाका.

प्रश्न : माझं किराणा आणि घरगुती वस्तूंचं दुकान आहे. सात पूर्णवेळ आणि चार अर्धवेळ माणसं. अर्धवेळवाल्यांना धरायचं की नाही? त्यांतल्या एकीला महिन्याला ४,५०० रुपयेच देतो, तिची काय ईएसआय कापणार?

उत्तर : धरायचं. ईएसआय लागू व्हायला दहा माणसं लागतात, आणि ती संख्या मोजताना डोकी मोजतात, तास नव्हे. तुमची अकरा होतात. ज्यांचा पगार मर्यादेच्या वर आहे आणि ज्यांची ईएसआय काढायची नाही, तेही या मोजणीत येतात. एकदा योजना लागू झाली की पुढे माणसं दहापेक्षा कमी झाली तरी ती सुटत नाही.

ज्यांचा महिन्याचा पगार २१,००० रुपयांपर्यंत आहे (अपंग व्यक्तींसाठी २५,०००) त्यांची नोंदणी करायची. ही मर्यादा बघताना ओव्हरटाइम धरायचा नाही. मधेच पगारवाढ होऊन कुणी २१,००० च्या वर गेलं तरी ती सहामाही संपेपर्यंत अंशदान चालू ठेवायचं. दर मालकाचा ३.२५ टक्के, कामगाराचा ०.७५ टक्के. भरणा पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत.

आता ४,५०० रुपयांवालीबद्दल. तिचा सरासरी दैनिक पगार १५० रुपये येतो. हा आकडा १७६ रुपयांपर्यंत असेल तर कामगाराचा हिस्सा माफ असतो. तुमचा ३.२५ टक्के माफ नाही. अर्धवेळ माणसांच्या बाबतीत सगळ्यात जास्त दिसणारी चूक हीच : कपात शून्य आली म्हणून नोंदणीच केली जात नाही. कपात शून्य असली तरी तिला दवाखाना, भत्ता, प्रसूती लाभ सगळं पूर्ण मिळतं, आणि तुम्ही नोंदणी केली नसेल तर तिला दिलेल्या लाभाची वसुली तुमच्याकडून होऊ शकते.

आठवड्यातून एकदा येऊन वह्या लिहून जाणारे, स्वतःचं ऑफिस असलेले आणि फी घेणारे हिशेबनीस मात्र तुमचे कामगार नव्हेत. कामाची वेळ आणि पद्धत तुम्ही ठरवता की ते, यावर हा फरक ठरतो. नुसतं ‘कन्सल्टंट’ असं लिहिलेलं पत्र त्याला पुरेसं नाही.

आणि फाइलमध्ये शून्य दिवस दाखवताना कारण नीट निवडा. रजेवर असलेल्या कामगारापुढे चुकून ‘नोकरी सोडली’ हे कारण आणि शेवटच्या दिवसाची तारीख पडली की ती व्यक्ती यादीतून बाहेर जाते. तिला हे कळतं ते थेट दवाखान्याच्या खिडकीवर.

प्रश्न : आम्ही पाचच जण आहोत, ईएसआय नाही. मी अर्धवेळ. आजारी पडल्यावर पगार मागता येतो का?

उत्तर : नेमणूक पत्रात किंवा ठरलेल्या अटींत असेल तर येतो. नसेल तर पाच माणसांच्या जागी आजारपणाचा पगार मागण्याचा कायदेशीर आधार नाही. म्हणूनच नोकरी धरताना चार ओळी लिहून घ्या : वर्षाला किती दिवस, कोणत्या दिवसापासून, प्रमाणपत्र केव्हा लागेल.

मोठ्या आस्थापनांतल्या वाचकांसाठी एवढंच : महाराष्ट्राच्या दुकाने व आस्थापना कायद्यात आजारी रजा अशी वेगळी नाही. वर्षाला आठ दिवस भरपगारी किरकोळ रजा आहे, ती दर तिमाहीला जमा होते आणि वर्षअखेर उरली तर बुडते. तिला तासांची अट नाही, म्हणून अर्धवेळ माणसालाही ती मागता येते. भरपगारी वार्षिक रजेला मात्र वर्षात २४० दिवस काम लागतं. रोज तीन तास येणारा ती मिळवतो. आठवड्यातून तीन दिवस पूर्णवेळ येणाऱ्याचे मात्र वर्षाला १५६ च दिवस होतात.

प्रश्न : क्षयरोगाचं निदान झालं आहे. ९१ दिवस संपत आले. पुढे काय?

उत्तर : क्षयरोग ईएसआयच्या ३४ दीर्घकालीन आजारांच्या यादीत आहे. त्यासाठी विस्तारित भत्ता मिळतो, दर ८० टक्के आणि काळ जास्तीत जास्त दोन वर्षं. सलग दोन वर्षं विमापात्र नोकरी आणि मागच्या चार अंशदान काळांत मिळून १५६ दिवस हवेत. तुम्ही रोज अर्धा दिवस जात असाल तर दिवसांचा प्रश्नच नाही. ९१ वा दिवस उजाडायची वाट न बघता निदानाचे अहवाल आताच दवाखान्यात द्या आणि मधल्या प्रमाणपत्रांत एका दिवसाचीही फट पडू देऊ नका. आधीचं प्रमाणपत्र ज्या तारखेला संपतं, पुढचं तिच्या दुसऱ्या दिवसापासूनचं हवं.